पुस्तकातली वाटी, घरातली वाटी

रोजच्या स्वयंपाकाच्या पुस्तकांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : नोकरीसाठी पुण्यात नवं बिऱ्हाड थाटलं आहे. दोघांनाही वरण-भातापलीकडे फारसं येत नाही. एकच पुस्तक घ्यायचं झालं तर कोणतं घ्यावं? (हिंजवडी)

उत्तर : कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ घ्या. 1970 साली आलेलं हे पुस्तक आजही नवशिक्यांच्या हाती बिनदिक्कत द्यावं असं आहे, कारण त्यातलं माप वाटी-चमच्याचं आहे. तराजू, तोळे, शेर यांच्या भानगडीत न पडता स्वयंपाकघरात हाताशी असलेल्या भांड्यांनी मोजता येतं. मंगला बर्वे यांचं ‘अन्नपूर्णा’ही चांगलं आहे. दुकानात दोन्ही चाळून पाहा आणि ज्याची भाषा पटकन डोक्यात शिरते ते उचला.

याखेरीज कुठलंही पुस्तक विकत घेण्याआधी त्यातल्या तीन कृती उघडून पाहाव्यात : आमटी, पोळी आणि एखादी भरली भाजी. पक्वान्नांची पानं पाहून पुस्तक निवडू नये. श्रीखंड सगळेच नीट सांगतात. आमटीत डाळीला पाणी किती हे लिहिलंय का? कणीक किती वेळ झाकून ठेवायची ते आहे का? भरल्या वांग्यांत पाणी कधी घालायचं, झाकण कधी काढायचं आणि वांगी शिजली हे कशावरून ओळखायचं, हे सांगितलंय का? जे पुस्तक ‘मसाल्याला तेल सुटेपर्यंत परता’ किंवा ‘देठाजवळ सुरी सहज गेली की गॅस बंद करा’ अशी खूण देतं ते घ्यावं. नुसतं ‘दहा मिनिटं शिजवा’ लिहिणाऱ्या पुस्तकाने नवशिक्याचं काम होत नाही, कारण दहा मिनिटांत तुमच्या गॅसवर काय होईल ते लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. फोटो किती आहेत ही गोष्ट शेवटी पाहावी.

प्रश्न : पुस्तकात ‘एक वाटी’, ‘एक चमचा’ असं असतं. आमच्याकडे चार आकारांच्या वाट्या आहेत. उपमा कधी गिचका होतो, कधी कोरडा. तिखट-मिठाचाही मेळ बसत नाही. (चिंचवड)

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांतून आला आहे आणि बहुतेक बिघडलेल्या पदार्थांचं मूळ इथेच असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कृतीत सगळंच वाटीने मोजलेलं असेल तर वाटी कोणतीही चालते. एक वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी हे प्रमाण लहान वाटीनेही तेच आणि मोठ्या वाटीनेही तेच. अट एकच, रवा आणि पाणी एकाच वाटीने मोजायचं. रवा वाटीने आणि पाणी पेल्याने मोजलं की उपमा बिघडलाच. शिवाय बारीक रव्याला अडीच पट पाणी पुरतं, जाड्या रव्याला तीन पट लागतं. रवा कमी भाजला गेला तर तेवढ्याच पाण्यात तो चिकट होतो, म्हणून गिचक्या उपम्यात दोष नेहमी पाण्याचाच असतो असं नाही.

घोटाळा होतो तो वाटी आणि चमचा एकाच कृतीत आले की. दोन वाट्या डाळ, एक चमचा मीठ, असं लिहिलंय. तुमची वाटी 200 मिलीची असेल आणि लिहिणाऱ्याची 150 मिलीची, तर तुमची डाळ एक तृतीयांशाने वाढली आणि मीठ मात्र तेवढंच राहिलं. आमटी अळणी. वाटी 100 मिलीची असेल तर तीच आमटी खारट.

यावर कायमचा उपाय करून टाका. घरातली एक वाटी मापाची म्हणून ठरवा. ती वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम भरतील तितके मिली. 150 मिलीच्या आसपासची वाटी निवडली तर बऱ्याच पुस्तकांशी जुळतं. त्या वाटीत सपाट भरून साधारण एवढं मावतं : तांदूळ 120 ग्रॅम, तूरडाळ 125, साखर 125, रवा 105, कणीक 75 ते 80, बेसन 60. कणीक आणि बेसन यांचे आकडे मात्र भरण्यावर अवलंबून असतात. डब्यातून वाटी दाबून भरली तर त्याच वाटीत 15-20 ग्रॅम जास्त पीठ जातं आणि मग लाडवाला तूप कमी पडतं. पीठ आधी चमच्याने मोकळं करून वाटीत अलगद सोडावं आणि सुरीने सपाट करावं. पुस्तकात ‘शीग लावून’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर माप सपाटच धरायचं.

चमच्याचंही तसंच आहे. मापाचा लहान चमचा 5 मिलीचा आणि मोठा 15 मिलीचा असतो. घरातला चहाचा चमचा यापेक्षा लहान किंवा मोठा असू शकतो, पोह्याचा चमचा त्याच्या जवळपास दुप्पट. मसाल्याच्या डब्यातला चमचा तर बहुतेक घरांत सगळ्यात लहान असतो. मापाच्या चमच्यांचा एक संच आणावा आणि मसाल्याच्या डब्यातल्या चमच्यात त्या मापाने किती मावतं ते एकदा पाहून ठेवावं. पुढे तोच चमचा वापरायला हरकत नाही.

‘मीठ चवीनुसार’ या दोन शब्दांनी नवशिक्याची पंचाईत होते. तयार पदार्थाच्या वजनाच्या सुमारे एक टक्का मीठ, हा सुरुवातीला धरायचा अंदाज. म्हणजे एक किलो तयार आमटीला 8 ते 10 ग्रॅम. बारीक मिठाचा 5 मिलीचा सपाट चमचा साधारण 6 ग्रॅमचा, म्हणजे दीड चमचा झाला. खडेमीठ जाडसर असल्याने तोच चमचा वजनाला हलका भरतो. पालेभाजी कच्ची असताना टोपलीभर दिसते आणि शिजून मूठभर होते, म्हणून तिला मीठ ती आळल्यावरच घालावं.

प्रश्न : आम्ही दोघंच. पुस्तकातल्या कृती चार-सहा माणसांच्या. सगळं निम्मं केलं तर भाजी करपते किंवा आमटी आटून पिठल्यासारखी होते. (डोंबिवली)

उत्तर : डाळ, भाजी, मीठ, गूळ निम्मं होतं. पाणी निम्मं होत नाही. कढई तीच असते, तिचा पसरटपणा तोच असतो, त्यामुळे वाफ होऊन उडून जाणारं पाणीही जवळपास तेवढंच असतं. आमटी निम्मी करताना पाणी निम्म्याहून अर्धी वाटी जास्त ठेवा किंवा भांडं लहान घ्या. लहान भांडं घेणं जास्त चांगलं.

फोडणीचंही गणित वेगळं. मोठ्या कढईत चहाचा एक चमचा तेल पसरून जातं, मोहरी कोरडीच तळाला चिकटते आणि तडतडण्याआधी करपते. फोडणीचं लहान लोखंडी पातेलं घ्या. मोहरी तेलात बुडेल एवढं तेल त्यात दोन लहान चमच्यांतही होतं. वेळ निम्मा होत नाही हेही लक्षात असू द्या : दोन वांगी शिजायला आठ वांग्यांपेक्षा फार कमी वेळ लागत नाही.

उलट माणसं दुप्पट झाली तर तिखट, गरम मसाला, हिंग दीडपटच घाला आणि चव पाहून वाढवा. पोहे मात्र वीस माणसांचे एका कढईत करू नयेत. खालचे पोहे चिवट होतात आणि वरचे कच्चे राहतात. फोडणी एकदाच करून दोन-तीन घाण्यांत वाटून घ्यावी.

प्रश्न : पुस्तकाप्रमाणे थालीपिठाची भाजणी केली. थालीपीठ थापताना तडे जातात आणि भाजल्यावर चामट लागतं. (सातारा)

उत्तर : आधी प्रमाण तपासू. रोजच्या थालीपिठासाठी आम्ही सुचवतो ते असं : ज्वारी 500 ग्रॅम, बाजरी 500, तांदूळ 250, गहू 250, हरभरा डाळ 250, अख्खे उडीद 250, धणे 100, जिरे 25. यात उडीद पीठ बांधून ठेवतो आणि तांदूळ खुसखुशीतपणा देतो. तडे जाण्याचं एक कारण उडीद कमी असणं, आणि चामटपणाचं एक कारण गहू जास्त असणं.

दुसरी गोष्ट भाजण्याची. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण बाजरीचा दाणा बारीक आणि हरभरा डाळ जाड. एकत्र टाकलं तर बाजरी जळेपर्यंत डाळ कच्चीच राहते. आच मंद ते मध्यम. तांदूळ पांढरेशुभ्र आणि हाताला हलके लागले पाहिजेत, डाळ गुलाबीसर व्हायला हवी, उडदाचा खमंग वास सुटला पाहिजे. धणे-जिरे शेवटी नुसते गरम करायचे. कच्चट भाजणीचं थालीपीठ चामट होतं आणि घशाला चिकटतं.

भाजलेलं धान्य पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्या. कोमट दळलं तर डब्यात वाफ धरते, पीठ ओलसर होतं आणि पंधरा दिवसांत कुबट वास येतो. गिरणीत ‘जाडसर’ असं सांगायला विसरू नका. पोळीच्या कणकेसारखं बारीक दळलं तर थालीपीठ दडस होतं. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश असल्याने ते लवकर खवट होतं, तेव्हा ही भाजणी दीड-दोन महिन्यांत संपेल एवढीच करावी, किंवा उरलेली फ्रीजमध्ये ठेवावी.

आता भिजवणं. 150 मिलीच्या दोन वाट्या भाजणीला एक मोठा कांदा अगदी बारीक चिरून, मूठभर कोथिंबीर, एक लहान चमचा तिखट, पाऊण चमचा मीठ, चिमूटभर हळद, चमचाभर तीळ. कांद्याला मीठ आधी चोळून पाच मिनिटं ठेवा, त्याला पाणी सुटू द्या, मग भाजणी घाला. भाजणी आधी भिजवून कांदा मागून घातला की पीठ थापेपर्यंत सैल होत जातं आणि मग आणखी भाजणी घालत बसावं लागतं. पाणी कोमट घ्या, बेताबेताने साधारण पाऊण ते एक वाटी. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवा. दहा मिनिटं झाकून ठेवा म्हणजे जाडसर कण पाणी पितात. घाईत लगेच थापलं तर कडांना तडे जाणारच.

ओल्या फडक्यावर थापून मध्ये आणि भोवती भोकं पाडायची ती तेल तळाशी पोचावं म्हणून. तवा आधी मध्यम तापलेला हवा. पहिली बाजू झाकण ठेवून तीन मिनिटं, मग उलटून झाकण न ठेवता. दोन्ही बाजूंना झाकण ठेवलं तर वाफेने ते मऊ पडतं. एवढ्यात मध्यम आकाराची चार थालीपिठं होतात.

प्रश्न : आम्ही बीडचे. बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांतल्या आमट्या आमच्या जिभेला गोड लागतात, आणि आमचे पदार्थ त्यांत जवळजवळ नसतातच. मराठवाड्यासाठी काही आहे का?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. सर्वाधिक खपलेली मराठी पुस्तकं बरीचशी पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतल्या चवीवर बेतलेली आहेत. त्यात गूळ, ओलं खोबरं, गोडा मसाला आलाच. ती वापरायची असतील तर गूळ पूर्ण वगळा, ओल्या खोबऱ्याच्या जागी भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट किंवा भाजलेलं सुकं खोबरं घ्या आणि चिंच निम्मी करा. गूळ काढून चिंच तेवढीच ठेवली तर आमटी आंबटढाण होते. बहुतेकांची चूक इथेच होते.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) जरूर वाचा. मराठवाड्यातल्या दलित घरांमधलं खाणं त्यांनी त्यात नोंदवलं आहे, आणि छापील पाककृतींनी किती मोठं जग बाहेर ठेवलं होतं ते त्यातून कळतं. अशी पुस्तकं प्रत्येक जिल्ह्यातून यायला हवीत.

तोवर तुमचं पुस्तक तुम्हीच लिहा. घरात येसर (आमटीसाठी भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ) करणारी, बाजरीच्या भाकरीला हात बसलेली एखादी आजी किंवा काकू असेल तर तिला ‘किती घालतेस?’ असं विचारू नका. ती ‘अंदाजाने’ म्हणेल आणि ते खरंच असतं. त्याऐवजी स्वयंपाकाआधी तिखटाचा, मिठाचा, मसाल्याचा, तेलाचा डबा वजन करून ठेवा. तिला नेहमीसारखा स्वयंपाक करू द्या, मध्ये थांबवू नका. संपल्यावर पुन्हा वजन करा. जो फरक आला ते तिचं माप. पाण्याचा तांब्याही असाच भरून मोजून ठेवायचा. वहीत तारीख, माणसं किती, आच कशी, भांडं कोणतं आणि ऋतू कोणता हेही लिहा, कारण पावसाळ्यात तेच पीठ पाणी कमी घेतं. तीन वेळा मोजून सरासरी काढली की कृती पक्की झाली. तिखटाचं वजन लिहिताना मिरची कोणती तेही लिहावं. ब्याडगी आणि लवंगी यांचं माप एक असूच शकत नाही.

प्रश्न : आजीच्या पेटीत एक जुनं पुस्तक सापडलं. मापं शेर, तोळे, मासे यांत आहेत. त्यावरून पदार्थ करता येतील का? (कोल्हापूर)

उत्तर : येतील, आणि करून पाहावेतच. मराठीत छापील पाककृतींची परंपरा रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 1875 च्या ‘सूपशास्त्रा’पर्यंत मागे जाते. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ 1910 चं. तुमचं पुस्तक त्या काळातलं असेल तर जपून हाताळा. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. आधी सगळ्या पानांचे फोटो काढा आणि स्वयंपाकघरात ते फोटो न्या.

मापं अशी : 12 मासे म्हणजे 1 तोळा, तो सुमारे 11.66 ग्रॅम. 80 तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे 933 ग्रॅम. पण शेर सगळीकडे सारखा नव्हता. मुंबईचा जुना शेर 28 पौंडांच्या मणाचा चाळिसावा भाग, म्हणजे 320 ग्रॅमच्या आतच होता. धान्याचा शेर तर वजनाचा नसून मापाचा असे : 2 चिपटी म्हणजे 1 मापटं, 2 मापटी म्हणजे 1 शेर, 2 शेर म्हणजे 1 अधोली, 2 अधोल्या म्हणजे 1 पायली. 1956 च्या कायद्याने दशमान मापं आली आणि हा गोंधळ मिटला. म्हणून शेराचं ग्रॅममध्ये रूपांतर करण्याआधी त्याच कृतीतले सगळे जिन्नस एकाच मापात आहेत का ते पाहा. असतील तर नुसतं प्रमाण घ्या. शेरभर रव्याला पाऊण शेर साखर असेल तर 200 ग्रॅमला 150 ग्रॅम. शेर आणि तोळे मिसळलेले असतील तर मीठ-मसाला आधी निम्माच घालून चव पाहा.

जुन्या कृतींत तूप-साखर भरपूर असते. बासुंदीतली साखर खुशाल कमी करा. साखरआंब्यातली करू नका, तिथे तीच टिकवण्याचं काम करते. कमी केलीत तर तो फ्रीजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावा लागेल. चुलीवरची आमटी उघड्या भांड्यात तासभर रटरटत असे, म्हणून डाळीला सांगितलेलं पाणी कुकरला फार होतं. कुकरमध्ये एक वाटी तूरडाळीला अडीच ते तीन वाट्या पुरे. आणि चिंच-आमसूल मात्र डाळ शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर डाळ कितीही शिट्ट्या झाल्या तरी मिळून येत नाही.

प्रश्न : जर्मनीत राहतो. पुस्तकाप्रमाणे कणीक मळली तरी पोळ्या वातड होतात. ओला नारळही सहज मिळत नाही. (म्युनिक)

उत्तर : आपल्या चक्कीवर दगडाच्या जात्यात पीठ दळताना गव्हातला स्टार्च जास्त मोडतो आणि असं पीठ पाणी जास्त पितं. तिकडच्या गिरणीतलं पीठ रोलरवर दळलेलं असतं, ते तेवढं पाणी घेत नाही, आणि अख्ख्या गव्हाच्या पिठातला कोंडा जाड असतो. पुस्तकातलं पाण्याचं माप त्यामुळे चुकतं. भारतीय दुकानातला चक्कीचा आटा मिळाला तर 100 ग्रॅमला 65 ते 70 मिली पाणी घ्या. तिथलं टाइप 1050 पीठ (मैदा आणि अख्ख्या गव्हाचं पीठ यांच्या मधलं) वापरणार असाल तर 58-60 मिलीने सुरुवात करा, चमचाभर तेल घाला आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवा. वातडपणाचं दुसरं कारण तवा पुरेसा तापलेला नसणं. काचेच्या सपाट शेगडीवर जाड लोखंडी तवा पाच-सहा मिनिटं तापू द्या. पोळी मंद आचेवर रेंगाळली की तिच्यातलं पाणी उडून ती सुकते.

त्याच शेगडीवर फोडणी करताना मोहरी तडतडली की पातेलं उचलून बाजूलाच ठेवा. बटण बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते आणि हिंग-हळद जळते.

नारळासाठी आशियाई दुकानातलं गोठवलेलं खवलेलं खोबरं आणा. पुस्तकात ‘एक नारळ’ असेल तर मोकळं भरून साधारण दोन ते अडीच वाट्या धरा. डेसिकेटेड खोबरं वाटणात चालतं, एक वाटीला अर्धी वाटी कोमट पाणी घालून वीस मिनिटं भिजवायचं. सोलकढीला ते चालणार नाही, त्यातून दाट रस निघत नाही. तिथे डब्यातलं नारळाचं दूध निम्मं पाणी घालून घ्या आणि आमसुलाचं पाणी पूर्ण गार झाल्यावरच त्यात मिसळा.